नऊ वर्षे उशिराची ऐकवणी

न्यायालयाच्या इमारतीतल्या बोळातली खुर्ची दाराला लागून होती. दार उघडले की वारा थेट पाठीत शिरे. अनिपाआपा आयुष्यात कधी दाराशी बसल्या नव्हत्या. घर आपले असो वा दुसऱ्याचे, दारासमोरची सर्वांत आतली मानाची जागा त्यांची असे. ती कोणी देऊ करण्याची वाट न पाहता त्या सरळ जाऊन बसत. या इमारतीत मात्र त्या तीनदा आल्या आणि तिन्ही वेळा दाराशीच बसल्या. पहिल्या वेळी न्यायाधीशबाई आजारी होत्या. दुसऱ्या वेळी तज्ज्ञ डॉक्टरांचा कागद आलेला नव्हता. आज सगळे हजर होते, आणि आपांना आता त्याचाही शीण आला होता.

"आपा, घोटभर चहा घ्या," त्यांची सून मीरिम थर्मासचे झाकण फिरवत म्हणाली. "बोरसोक पण आहेत, पहाटे तळलेत. तुम्ही एक तरी खा. मी एकटी खात बसले तर लोक म्हणतील, सून कोर्टात फराळालाच आली."

"म्हणू दे," आपा म्हणाल्या. "खा तू."

वाळल्या गवतातून सरडा जावा, एवढाच तो आवाज. मीरिमला तो ऐकू आला, कारण दोन वर्षांत तिने त्यासाठी कान तयार केले होते. समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाला काही उमगले नाही. म्हातारी उसासली असे समजून त्याने सहानुभूतीने मान हलवली. आपांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने मान दुसरीकडे वळवली. नजर अजून शाबूत होती.

दोन वर्षांपूर्वी हाच आवाज वरच्या कुरणातून खालच्या ओढ्यापर्यंत पोहोचत असे. कारा-बुलाक गावात कोणाच्या घरी मृत्यू झाला, की मुल्लाच्या आधी अनिपाआपांकडे घोडा येई. त्यांच्याकडे दोन कामे असत. पहिले ऐकवणीचे. वाईट बातमी त्या मुलुखात कोणी तोंडावर फेकत नाही. जाणत्या माणसाने जाऊन बसावे, चहा घ्यावा, आणि मग उडून गेलेल्या पाखराचे, आटलेल्या झऱ्याचे चार चरण म्हणत म्हणत ती कानावर घालावी. ऐकणाऱ्याने चरणाचरणाने समजत जावे आणि शेवटच्या चरणाला त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला असावा. दुसरे काम विलापाचे. बायका तंबूत पाठमोऱ्या बसत, आणि गेलेल्या माणसाचे सारे आयुष्य अनिपाआपा गाऊन उभे करत. प्रत्येक मृत्यूचा विलाप नवा. शिळा विलाप म्हणणाऱ्या बायकांना त्या दाराशीही उभे करत नसत.

मग गळ्याला गाठ आली. डोंगरातल्या बायकांना गलगंड नवा नाही; पण ही गाठ एका बाजूला होती आणि वाढत होती. शहराच्या रुग्णालयात डॉक्टर ओरोझालियेवांनी तपासण्या केल्या, आणि दाराकडे पाहून विचारले, "यांच्याबरोबर कोण आहे?" कुबात उठला. आपांचा एकुलता एक मुलगा, चाळिशीचा, मिनीबस चालवणारा; गावासारखा तोही आईला आपाच म्हणे. डॉक्टर त्याला बोळात घेऊन गेले. काचेतून आपांना दोघांच्या पाठी दिसत होत्या. थोड्या वेळाने कुबात संत्र्यांची पिशवी घेऊन हसतमुखाने आत आला. "किरकोळ आहे, आपा. छोटीशी गाठ काढायची. आठवड्यात घरी."

आठवड्यात त्या घरी आल्या. आवाज आला नाही.

पुढचे कळले ते वर्षाने, एका लग्नात. शेजारच्या गावची कालिपा नावाची बाई तशीच गाठ गळ्यात मिरवत सुनेवर असे काही ओरडत होती की ढोलवाला थांबला. आपांनी तिला बाजूला घेतले. कालिपा म्हणाली, "अगं, मला दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं, सुई घालून बघू. वाईट नसली तर राहू दे, गोळ्या घे, सहा महिन्यांनी दाखव. कापलं तर आवाजाच्या नसेला धक्का लागायची भीती असते म्हणे. मी म्हटलं, बाई गं, आवाज गेला तर या सुनेला आवरू कशाने?"

दुसऱ्या दिवशी आपा डॉक्टरांसमोर उभ्या होत्या. डॉक्टर थकलेले दिसले, पण खोटे बोलले नाहीत. "आपा, दोन्ही उपाय होते. आवाजाचा धोकाही होता. मी सगळं तुमच्या मुलाला सांगितलं."

तेव्हापासून घरात आई आणि मुलगा एकमेकांना लागेल तेवढेच बोलत. मीठ दे. बस किती वाजता. आपांनी त्याला एकदाही 'का' असे विचारले नाही. विचारायचे तर आधी त्याने मान खाली घालून समोर येऊन बसावे, असे त्यांना वाटे. तो आला नाही. म्हणून त्या वकिलाकडे गेल्या.

वकील चोल्पोन तिशीची होती, आणि आपांच्या मते तिचा घागरा आखूड होता. पण डोके जागेवर होते. तीच आता फाइल छातीशी धरून लगबगीने आली आणि आपांसमोर उकिडवी बसली.

"आपा, पुन्हा एकदा सांगते. तज्ज्ञांनी लिहिलंय, डॉक्टरांचा हात चुकला नाही. अशा शस्त्रक्रियेत काहींचा आवाज जातो, कितीही जपलं तरी."

"म्हणजे हरलोच की," मीरिम म्हणाली.

"अर्धं हरलो. उरलेलं अर्धं असं आहे: माणूस मोठा असेल, शुद्धीवर असेल, तर त्याचा आजार काय, उपाय कोणकोणते, कशात काय धोका, हे त्यालाच सांगायचं. ठरवायचं त्याने. कायदा एवढा सरळ आहे. पण कागदावर सही कुबातची आहे. रुग्णालय म्हणतं, मुलाने घरी आईला सगळं सांगितलं, आणि आईने होकार दिला. आता कुबात आत जाऊन काय सांगतो, त्यावर सगळं आहे."

तिघींनी बोळाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. कुबात खिडकीशी उभा होता. हातातली टोपी फिरवत होता.

त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात काय आहे, ते आपांना ठाऊक होते. काल कोट झटकताना मीरिमला घडी घातलेला कागद सापडला होता. रुग्णालयाच्या वकिलाने टाइप करून दिलेला: 'दोन्ही उपाय मी माझ्या आईस समजावून सांगितले. तिने शस्त्रक्रिया निवडली.' खाली सहीची जागा कोरी. मीरिमने तो सासूला वाचून दाखवला आणि जसा होता तसा परत ठेवला. दोघींपैकी कोणीही त्याबद्दल कुबातशी बोलले नाही.

त्याचीही बाजू आपांना दिसत नव्हती असे नाही. डॉक्टर ओरोझालियेव म्हणजे साऱ्या जिल्ह्यात एकच शस्त्रक्रिया करणारा हात. मिनीबसमधले लोक मागून बोलत, त्याला ऐकू जाईल असे बोलत: "उद्या हा डॉक्टर वैतागून राजधानीला गेला की पोटं काय मेंढ्यांच्या दवाखान्यात कापून घ्यायची?" आणि दुसरे, "कुबातने आईचा गळा विकला, आता आई त्याची अब्रू विकतेय." या दोन बोलण्यांच्या मधून तो रोज चार खेपा करत होता.

पुकारा झाला.

आतली खोली लहान होती, रेडिएटर तापून कटकट वाजत होता. न्यायाधीशबाई पन्नाशीच्या, सर्दीने बेजार. समोर कागदांचा ढीग, ढिगावर रुमाल. पहिल्यांदा डॉक्टर उभे राहिले. केस पांढरे झाले होते, हात मात्र स्वच्छ आणि तरुण होते. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे त्यांनी उत्तर दिले. हो, थांबून पाहता आले असते. हो, आवाजाचा धोका सांगितला. मुलाला सांगितला.

"रुग्णाला का नाही?" चोल्पोनने विचारले.

डॉक्टरांनी एकदा आपल्या बाहीकडे पाहिले. मग म्हणाले, "इथे असंच चालतं म्हणून. लोक म्हणतात, आजाऱ्याला काही सांगू नका, तो खचेल. मी इथे नवीन आलो तेव्हा आजाऱ्यालाच सांगायला जायचो. मग..." त्यांनी आपांकडे पाहिले. "मला हे बोलायचं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी यांचे मालक जुमाश माझ्याकडे होते. मी त्यांना सांगायला आत निघालो होतो. दारात आपांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, त्यांना एक शब्द सांगायचा नाही, जे काय ते मला सांग. आणि तेव्हा यांचा आवाज कसा होता, ते सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं नाही. त्या घराची रीत मी यांच्याकडूनच शिकलो. म्हणून यांच्या वेळी मुलाला बोलावलं."

रुग्णालयाच्या वकिलाच्या चेहऱ्यावर न मागता ताटात मटणाचा तुकडा पडावा, तसा आनंद उमटला. चोल्पोन ताडकन उठली. "याचा या खटल्याशी काही संबंध नाही!"

"बसा," न्यायाधीशबाई नाक पुसत म्हणाल्या. "आजीबाई, तुम्हाला उत्तर द्यायची सक्ती नाही. द्यायचं असेल तर द्या."

आपा उठल्या. मीरिमने आधार द्यायला हात पुढे केला; त्यांनी तो बाजूला सारला. त्या बोलल्या, आणि कारकून मुलगी टंकयंत्रावर बोटे ठेवून तशीच बसून राहिली.

"ऐकू येत नाही, बाई," ती न्यायाधीशबाईंना म्हणाली.

मग आपांजवळ येऊन उभी राहिली, कान पुढे केला. दोनदा "काय?" म्हणाली. तिसऱ्यांदा आपांनीच तिला हाताने थांबवले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि बोट दाखवले. कुबातकडे.

"तो साक्षीदार आहे, हे कसं चालेल?" रुग्णालयाचा वकील म्हणाला.

"मग तुम्ही ऐकून सांगता का?" न्यायाधीशबाईंनी विचारले. "जा, कान लावा." वकील खुर्चीत मागे रेलला. "कुबात, इकडे या. आईशेजारी उभे राहा. जे म्हणतील ते शब्दाला शब्द. आपलं काही घालायचं नाही, गाळायचं नाही."

कुबात आला. वर्षभरात तो आईच्या इतका जवळ उभा राहिला नव्हता. त्याने कान खाली आणला. आपांना त्याच्या कोटाला पेट्रोलचा वास आला, आणि खिशातला कागद वाकताना झालेला बारीक आवाजही आला.

"आपा म्हणते..." त्याने सुरुवात केली.

"म्हणते नको. शब्दाला शब्द," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

कुबातने घसा खाकरला. मग आई कुजबुजत गेली आणि तो मोठ्याने म्हणत गेला.

"डॉक्टर खरं बोलले. मी बाही धरली. त्यांनी मला दोन उपाय सांगितले. राजधानीला नेऊन पोट उघडायचं, वाचले तर वाचले. नाहीतर घरी ठेवायचं, दुखण्यावर सुया द्यायच्या. मी घर निवडलं. मला वाटलं, परक्या शहरात टेबलावर गेले तर? मी एकटीने ठरवलं. त्यांना सांगितलं, आतड्याला सूज आहे, घोडीचं दूध प्यालात की उतरेल."

कुबात थांबला. आई पुढे बोलत होती, आणि त्याचे ओठ हलत नव्हते.

"बोला," न्यायाधीशबाई म्हणाल्या, पण हळूच.

"वसंतात त्यांनी शिंगरू विकत घेतलं. म्हणाले, तीन वर्षांनी याच्यावर खोगीर घालीन. मी म्हटलं, घाला. मेच्या शेवटी गेले. मी... मी विलाप म्हटला."

तो विलाप जिल्ह्यात अजून सांगितला जात होता. बायका त्यातल्या दोन ओळी आपल्या म्हणून म्हणत:

शिंगराला चारा घालून गेलास, मला शब्द देऊन गेला नाहीस;
उंबऱ्याशी क्षणभर थांबला असतास, निरोप तरी घेतला असतास.

त्या ओळींना सारा तंबू ओक्साबोक्शी रडला होता. न सांगता गेल्याबद्दल मेलेल्या नवऱ्याला बोल लावला होता अनिपाआपांनी. आणि त्याला सांगायचे कोणी रोखून धरले होते, ते त्या तंबूत एकट्या त्यांनाच ठाऊक होते. ते त्यांनी त्या दिवशीही मनात येऊ दिले नव्हते. आज डॉक्टरांनी ते उघड्यावर आणून ठेवले, आणि ते ठेवल्या जागी इतके साधे, इतके जुने दिसत होते की आपांना त्याची लाजही धड वाटेना. फक्त फार दमल्यासारखे वाटले.

रुग्णालयाचा वकील उठला. आवाज मधाळ होता. "आजीबाई, म्हणजे ही रीत तुमचीच. मग डॉक्टरांनी तुमच्याच रीतीने वागवलं, तर त्यांचा दोष काय?"

आपांनी उत्तर दिले. कुबातने ते म्हटले.

"मी अडाणी बायको होते. कायदा मला ठाऊक नव्हता. डॉक्टरांना होता. माझा दोष वेगळा लिहा, त्यांचा वेगळा. एकाखाली दुसरा झाकू नका."

कारकून मुलीने ते लिहिले. न्यायाधीशबाईंनी रुमाल बाजूला ठेवला.

"एक विचारायचंय. तुम्हाला सांगितलं असतं, की थांबता येईल, आणि कापलं तर आवाज जाऊ शकतो, तर तुम्ही काय निवडलं असतं?"

चोल्पोनने डोळ्यांनी खुणावले. हा प्रश्न येणार, हे तिने आधीच सांगितले होते. उत्तरही सांगितले होते: थांबले असते. तेवढेच म्हणायचे होते. आपांनी तिच्याकडे पाहिले. मग कुबातच्या कानाशी बोलल्या, आणि तो एकेक शब्द जड उचलल्यासारखा म्हणत गेला.

"ठाऊक नाही. गाठ म्हटली की मी भिते. कदाचित कापूनच घेतली असती. पण आधी एक उन्हाळा मागून घेतला असता. सुनेला बसवून सगळे विलाप शिकवले असते. ऐकवणीचे चरण शिकवले असते. माझ्या सासूने मला दिलेले आहेत ते, तिला तिच्या सासूने. आता ते माझ्यापाशी आहेत आणि बाहेर येत नाहीत. कागदावर चाल उतरत नाही."

मीरिमने तोंडावर पदर घ्यावा तसा रुमाल घेतला. चोल्पोनने फाइल मिटली. हे तिने शिकवलेले उत्तर नव्हते.

"बसा, आजीबाई," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कुबात, तुम्ही उभेच राहा. आता तुमचं स्वतःचं. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलं तुम्ही आईला सांगितलं का?"

रुग्णालयाचा वकील खुर्चीत पुढे सरकला. कुबातने आतल्या खिशात हात घातला, कागद काढला आणि घडी न उलगडता टेबलावर ठेवला.

"हे मला लिहून दिलंय. सही नाही केली. मी तिला काही सांगितलं नाही."

"नीट आठवून बोला," वकील म्हणाला. "दोन वर्षं झाली. घरी काही बोलणं झालंच असेल."

"आठवतंय. खाली संत्री घेतली. पायऱ्या चढताना हसून बघितलं, जमतंय का. आत गेलो आणि म्हटलं, किरकोळ आहे."

"का पण?" न्यायाधीशबाईंनी विचारले.

कुबातने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "भीती वाटली. गाठ वाईट असली तर, आणि ही नाही म्हणाली तर. आमच्याकडे ही नाही म्हणाली की नाहीच असतं, बाई. पुढे बोलायची सोय नाही. तुम्ही तिचा आवाज ऐकला नाहीत."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. आपांच्याही ओठाचा कोपरा हलला, पण तो मीरिमखेरीज कोणी पाहिला नाही. मुलगा दोन वर्षांनी मान खाली घालून उभा होता, आणि तोही साऱ्या जगासमोर. आता त्याने ती एवढी खाली घालू नये, असे त्यांना वाटले.

निकाल दुपारी चहानंतर वाचला गेला. शस्त्रक्रिया करताना चूक झालेली नाही. मात्र शहाण्यासुरत्या, प्रौढ स्त्रीला तिच्या शरीराविषयीचे पर्याय सांगितले गेले नाहीत; मुलाची सही ही तिची सही नव्हे, आणि घराची रीत हा कायद्याला पर्याय नव्हे. रुग्णालयाने भरपाई द्यावी व लेखी क्षमा मागावी. न्यायाधीशबाई एवढे वाचून शिंकल्या, आणि उठून गेल्या.

बोळात डॉक्टर ओरोझालियेव कोट घालत होते. आपांनी मीरिमला खूण केली. तिने थर्मासमधला उरलेला चहा त्यांना दिला. ते उभ्याउभ्याच प्याले.

"आपा, क्षमापत्र मी स्वतः लिहीन," ते म्हणाले. "जाणार मी कुठे नाही, लोकांना सांगा. पण एक सांगा मला. त्या दिवशी तुम्ही बाही धरलीत, तेव्हा मी काय करायला हवं होतं?"

आपा बोलल्या. डॉक्टरांना कळले नाही. त्यांनी कुबातकडे पाहिले.

"सोडवून घ्यायची होती, म्हणते," कुबात म्हणाला.

डॉक्टरांनी पेला परत दिला, आणि मान लववून गेले.

परतीचा रस्ता चार तासांचा. मीरिम मागे झोपली. कुबात समोर पाहून गाडी चालवत होता. एकदा म्हणाला, "जिंकलीस, आपा." आपांनी हात हलवला, त्याचा अर्थ हो किंवा राहू दे, काहीही होऊ शकत होता. घाट उतरला, ऊन कलले. गावाच्या आधी टेकडीवर कबरींच्या मातीच्या भिंती दिसू लागल्या, तसा त्याने रोजच्या सवयीने एक हात स्टिअरिंगवरून काढून, गेलेल्यांसाठी दुआ म्हणून, चेहऱ्यावरून फिरवला. आपांनी त्याच्या दंडाला स्पर्श केला.

"थांब."

"इथे? वारा आहे गं. आधीच दमलीस."

त्यांनी फक्त पाहिले. त्याने गाडी थांबवली.

जुमाशच्या कबरीभोवतालच्या भिंतीची एक वीट निखळली होती. आपांनी ती उचलून जागेवर बसवली आणि भिंतीलगत, गवतावर बसल्या. कुबात दूर उभा राहिला. त्यांनी त्याला जवळ बोलावले, शेजारची जागा दाखवली. ऐकवणी करणाऱ्याने आधी थोडा वेळ नुसते बसायचे असते. तशा त्या बसल्या. पलीकडच्या उतारावर मेंढ्या घराकडे निघाल्या होत्या.

"तुझ्या बापाच्या कानावर घालायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "मी सांगते. तू म्हण."

"मला चाल येत नाही, आपा."

"येत नाही. साधंच म्हण."

त्या कुजबुजल्या. कुबातने टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि भिंतीकडे तोंड करून, बसमध्ये थांब्यांची नावे सांगतो त्या आवाजात म्हणू लागला:

"खुंट्याला बांधलेला घोडा हिवाळ्यातच आजारी होता. खुंट्याला माहीत होतं, दोराला माहीत होतं, घोड्याला कोणी सांगितलं नाही..."

तो अडखळला. आईने तोच चरण पुन्हा सांगितला. तो पुन्हा म्हणाला. गाडीचे दार वाजले. मीरिम जागी होऊन शाल घेऊन वर येत होती. चौथ्या चरणाला ती त्यांच्या मागे येऊन बसली. तिने सासूच्या खांद्यावर शाल घातली, आणि आपला कान पुढे केला.

"उपाय दोन होते," कुबात आईच्या शब्दांत म्हणाला. "आता ते सांगते."